शाब्बास नको, संपलं दे

३ फेब्रुवारी, सोमवार

छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी विचारलं होतं, आठवण म्हणून काय हवं ते न्या. कुणी पंखा नेला, कुणी खुर्ची. मी ही वही उचलली. एका चारशे पानी पुस्तकाची ही डमी. बांधणी पक्की, पुठ्ठा झकास आणि आत एक अक्षर नाही, कारण पुस्तक निघालंच नाही. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता स्वतःच्या लिहून ठेवाव्यात म्हणते. लाल पेन मुद्दाम हाताशी ठेवलेलं नाही.

तर आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. एक्कावन्नाव्या वर्षी! वर्तनोपचार केंद्र आहे. ज्या मुलांना बोलणं, मिसळणं, गोंगाट सोसणं जड जातं, त्यांना तिथे लहान लहान टप्प्यांनी शिकवतात. माझं काम नोंदींचं. मी काचेच्या मागे अंधाऱ्या खोलीत बसते, पलीकडे शिकवणी चालते. टेबलाखाली माईक, माझ्या कानाला हेडफोन, हातात टिकटिक करणारं मोजणी यंत्र. आधी कच्च्या वहीत भराभर टिपायचं, मग दुपारी पक्की प्रत टाइप करायची.

केंद्र चालवणाऱ्या बाई बत्तीसच्या असतील, पण सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही. मला मात्र सगळे मावशी म्हणायला लागले. मी म्हटलं, मावशी म्हणजे काय, चहा आणायचाय का कुणाला? ताई हसल्या आणि त्यांनी मला भिंतीवरचा फळा दाखवला. नोंदीत न लिहायचे शब्द: हट्टी. नाटकी. आळशी. ऐकत नाही. मुद्दाम करते. 'पेशंट' नाही, 'केस' तर नाहीच, 'शिकणारी' किंवा 'शिकणारा'.

"मावशी, जे दिसेल ते आणि जे ऐकू येईल ते. जसंच्या तसं. आपलं मत नाही," त्या म्हणाल्या.

मला कसं गार वाटलं! विशेषणं कापणं म्हणजे माझा आवडता खेळ.

घरी आले तर बाबा खिडकीशी खुर्चीत. "पा... पा..." सुरू झालं. मी लगेच पाणी दिलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या वाट्याला नऊ वर्षांची एक मुलगी आलीय. रोज तोच पोपटी स्वेटर, कोपरांवर ठिगळं. वहीत मी तिला पोपटी म्हणणार. ताईंना सांगितलं तर त्यांनी जरा रोखून पाहिलं. "पोपट म्हणजे ऐकलेलं नुसतं परत बोलणारा, असं तर नाही ना मनात?"

"अहो, स्वेटर!" मी म्हटलं. उगाच शब्दाचा कीस काढायचा.

तिची आई शाळेचे गणवेश शिवते. पोपटीचाही शिवून ठेवलाय, गेल्या वर्षीच. शाळा केंद्राला लागूनच आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलंय की अठ्ठावीस तारखेला येऊन मुलीला बघते, महिन्याभराच्या नोंदी वाचते, मग प्रवेशाचं ठरवू. गणवेश कपाटात टांगलेला आहे आणि पोरगी वाढतेय. आईने एकदा घेर उसवून खाली सोडलाय. आता उसवायला कापड उरलं नाही म्हणाली. म्हणजे यंदा नाही तर मग कधी?

६ फेब्रुवारी, गुरुवार

ताईंची शिस्त बघण्यासारखी आहे. प्रश्न विचारला की दहा सेकंद गप्प. पुन्हा विचारायचं नाही, सुचवायचं नाही, शब्द तोंडात घालायचा नाही. दहा सेकंद! तेवढ्यात मी अर्धं पान तपासते. काचेमागे माझी बोटं नुसती वळवळतात. पण सातव्या-आठव्या सेकंदाला पोपटी खरंच उत्तर देते. हे लोकांना कुणीतरी शिकवायला हवं. लोक दुसऱ्याला बोलूच देत नाहीत.

पोपटीला शब्दांच्या पत्त्यांचं वेड आहे. चित्र आणि शब्द जुळवायचे. पटापट जुळवते. ताई म्हणतात "शाब्बास!" आणि बाईसाहेब दोन्ही हात कानांवर ठेवून भिंतीकडे वळतात. भिंतीला काहीतरी पुटपुटतात. खोलीत ऐकू जात नाही, मला हेडफोनमधून स्वच्छ येतं.

आज पुटपुटली, "शाब्बास नको. संपलं दे."

आता हे काय वाक्य झालं? 'शाब्बास' तर ताईंचाच शब्द, तो नुसता उचललेला. 'संपलं दे' म्हणजे क्रियापदावर क्रियापद. कच्च्यात आलं तसं लिहिलं, पक्क्या प्रतीत नीट केलं: "नको. संपलं." सुटसुटीत.

घरी खिडकीतल्या कुंडीतल्या गुलाबाची पानं पिवळी पडलीत. रोज मोजून पेलाभर घालते, तरी माती चिखल झालेली. वरच्या मजल्यावरून गळतंय की काय?

१० फेब्रुवारी, सोमवार

बाबांना डॉक्टरांकडे नेलं. झटका येऊन गेल्याला पाच महिने झाले. डावा हात सुधारला, चालतातही काठीने, बोलणं मात्र पहिल्या अक्षरापाशी अडकतं. डॉक्टर म्हणाले, "जेवतात का नीट?" मी म्हटलं, जेवतात. "झोप?" चांगली. "चिडचिड?" छे, बाबा कधी चिडलेत! बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, ती सवय जात नाही.

मी विचारलं, यांना तहान फार लागते, सारखं पा-पा चालू असतं, साखर तर नाही ना वाढली? तपासली. ठणठणीत.

परत येताना समोरच्या केशकर्तनालयातले न्हावीकाका दारात उभे होते. बाबांचे चाळीस वर्षांचे सोबती. रोज संध्याकाळी आमच्या इमारतीच्या पायरीवर दोघांची बैठक असायची, झटका येईपर्यंत. "काय बाई, पायरी ओस पडलीय. कधी आणताय आमच्या दोस्ताला?" मी म्हटलं, आता त्यांना घरातच बरं वाटतं हो. बाबांनी काठी दोनदा आपटली. दमले होते.

घरी पाणी दिलं. अर्धा पेला संपवला. "शाब्बास!" म्हटलं. मी असं म्हटलं की बाबा डोळे मिटून घेतात. बरं वाटत असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वाईट वाटलं आज. ताईंनी माझी पक्की प्रत वाचली. दहा दिवसांत "नको. संपलं." एकोणचाळीस वेळा, तेही प्रत्येक वेळी पत्त्यांच्या खेळात. त्या म्हणाल्या, "ती इतक्या स्पष्टपणे नको म्हणतेय आणि आपण रेटतोय. नाही म्हटलेलं ऐकायला नको का आपण?" आणि पत्ते कपाटात गेले. त्याऐवजी मणी ओवायला दिले.

बरोबरच आहे म्हणा. नको म्हणजे नको. मीच नीट लिहिलं म्हणून त्यांना कळलं, एवढं श्रेय मला घ्यायला हरकत नाही.

पण मण्यांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पोपटीने मला पकडलं. मधल्या सुट्टीत माझ्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं. ती आली, काचेला नाक लावून पलीकडची खोली बघितली, मग मला बघितलं, आणि म्हणाली, "काचमावशी."

सव्वीस वर्षांत मला कुणी इतकं नेमकं नाव ठेवलं नव्हतं. मी मावशी, तर ही माझी भाची झाली. तर आजपासून पोपटी खारीज, भाची कायम.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भाची शिकवणीतून उठते आणि कपाटापाशी जाऊन उभी राहते. तळव्याने कपाटावर थाप मारते. एकदा, दोनदा, नऊदा. यंत्रावर मोजल्या. मणी तसेच. आज तासाभरात एक शब्द बोलली नाही.

आई बाहेर बाकावर बसलेली असते, पिशवीत हातशिलाईचं काम. मला विचारते, "मावशी, कशी होती आज?" मी म्हणते, छान होती. मग मला फळा आठवतो: आपलं मत नाही. छान कुठली, गप्प होती. दहा दिवस राहिले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हे पान लिहायला नको वाटतंय. म्हणूनच लिहिते.

शिकवणीनंतर ताई माझ्या खोलीत आल्या. "मावशी, मला काही केल्या जुळत नाहीये. पत्ते नको म्हणते आणि पत्त्यांच्या कपाटावर थापा मारते. तिचे नेमके शब्द काय होते?"

मी पक्की प्रत वाचली. "नको. संपलं."

"बस एवढेच?"

"म्हणजे अर्थ तोच. बोलली होती जरा वेडंवाकडं, मी सरळ केलं."

"वेडंवाकडं म्हणजे कसं?"

मूळ प्रत मी कधी फाडत नाही, छापखान्याची शिस्त. कच्ची वही उघडली आणि मोठ्याने वाचलं: "शाब्बास नको. संपलं दे."

मी पान उलटलं. "शाब्बास नको. संपलं दे." आणखी एक पान. तेच. एकोणचाळीस वेळा तेच वाक्य, आणि एकोणचाळीस वेळा मी त्यातले दोन शब्द खाल्ले होते. तिसाव्या वेळेपर्यंत वाचता वाचता माझाच आवाज बसला. पोर पत्त्यांना नको म्हणतच नव्हती. शाब्बासकीला नको म्हणत होती. आणि काहीतरी मागत होती.

मी तिला पोपट समजले. ताईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, तर मी स्वेटर दाखवला! तिचा शब्द मी उष्टा म्हणून काढून टाकला, आणि माझ्या व्याकरणापायी तिचे आवडते पत्ते गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, मला काढून टाका," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही एकोणचाळीस वाक्यं बदललीत. मूळ जपून ठेवलंत. आणि विचारल्यावर लगेच वाचून दाखवलंत. आता हे सगळं मूळ मला टाइप करून द्याल?"

झापलं असतं तर बरं वाटलं असतं. ही बाई माझीसुद्धा नोंद करते, विशेषणाशिवाय!

२२ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर केंद्रात रेकॉर्डिंग ऐकलं. कानांवर हात एक्केचाळीस वेळा. त्यातले एकोणचाळीस 'शाब्बास' म्हटल्यापासून तीन सेकंदांच्या आत. उरलेल्या दोन वेळी रस्त्यावर मोटारीचा भोंगा. नुसते पत्ते समोर मांडल्यावर एकदाही नाही.

दुपारी आईला बोलावलं. ताईंनी विचारलं, "शाब्बास हा शब्द ती आधी कुठे ऐकायची?" आणि दहा सेकंद थांबल्या. मी जीभ दातांखाली धरली.

आईने हातातली सुई कापडात खोचली. "शिकवणीचे एक सर यायचे घरी, दोन वर्षं. मन लावून शिकवायचे हो, वाईट नव्हते. एक गणित झालं की म्हणायचे शाब्बास, आता आणखी एक. ते झालं की शाब्बास, आता आणखी एक. ही रडायला लागेपर्यंत." मग तिने तोंडावर हात ठेवला. "आणि अगं बाई, मी! घास भरवताना. शाब्बास, आणखी एक घास. शाब्बास, आणखी एक!"

ती हसायला लागली आणि डोळेही पुसायला लागली. मीही तेच केलं.

आमच्या लेखी शाब्बास म्हणजे बक्षीस, आणि त्या पोरीच्या लेखी शाब्बास म्हणजे अजून सुटका नाही. 'संपलं दे'. दोन्ही क्रियापदं जागच्या जागी होती. संपलं हीच तर वस्तू तिला हवी होती, कुणीतरी हातात द्यावी अशी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पत्ते कपाटातून बाहेर!

ताई तिच्यासमोर खाली बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. "तू मला सांगत होतीस, शाब्बास नको. मी ऐकलं नाही. चुकलं माझं." खरं तर चूक माझी. मी काचेवर टकटक करून हात वर केला. भाचीने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पत्त्यांकडे. आमचा पश्चात्ताप तिच्या दृष्टीने फारच लांबत चालला होता.

नवी रीत अशी: आधीच सांगायचं, आज पाच पत्ते. पाच म्हणजे पाच, सहावा नाही. जुळला की शाब्बास नाही, झालं ते सांगायचं: "तू 'दिवा' जुळवलास." आणि पाच झाले की ताई तळवा पुढे करतात आणि म्हणतात, "संपलं." पुढचा शब्द नाही.

पहिल्या वेळी भाची त्या रिकाम्या तळव्याकडे बघत राहिली. मग त्यातलं काहीतरी उचलल्यासारखं केलं आणि स्वेटरच्या खिशात टाकलं. कानांवर हात शून्य. यंत्राला आज काम नव्हतं.

आनंदाच्या भरात घरी आले, बाबांना सगळं सांगितलं. ते टक लावून ऐकत होते. मी म्हटलं, "बघा ना बाबा, मी तिचं वाक्य पुरं ऐकलंच नव्हतं!" बाबा एकदम खुर्चीत सावरून बसले, दाराकडे हात केला. "पा..."

दाराजवळच्या स्टुलावर बाटली असते. दिलं पाणी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गुलाब गेला. उपटून बघितला तर मुळं कुजलेली.

मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला, परवा अकरा वाजता. अहवाल मी लिहिला. माझी चूकही त्यात लिहिली: "१३ ते २१ तारखेपर्यंत शिकणारीचे पत्ते बंद होते, कारण नोंद करणाऱ्या व्यक्तीने तिचे शब्द बदलले." ताई म्हणाल्या, नाही लिहिलंत तरी चालेल. मी म्हटलं, शुद्धिपत्र छापल्याशिवाय पुस्तक बाहेर जात नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते.

आई साडेदहालाच आली. पिशवीत गणवेश. "उगाच आणलाय," म्हणाली, "लागेल असं नाही." पिशवीचा बंद सारखा पिळत होती.

मुख्याध्यापिकाबाई म्हणजे आवाज असा की माईक लागू नये. अहवाल उभ्याउभ्याच वाचला. "यात 'आज्ञाधारक' कुठे लिहिलेलं नाही."

"तो शब्द आम्ही वापरत नाही," ताई म्हणाल्या. "ती काय करते ते लिहिलंय."

"वर्गात पस्तीस मुलं असतात, ताई. मला सांगितलेलं ऐकणारं मूल हवं."

मी काचेमागे. भाची बसली. ताई म्हणाल्या, पाच पत्ते. दिवा, होडी, चमचा, दार, चंद्र. एकेक जुळत गेलं. मुख्याध्यापिकाबाई पुढे पुढे सरकत आल्या, बाईंच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आणि पाचव्या पत्त्याला, ताईंनी तळवा पुढे करायच्या आत, त्यांच्या तोंडून सुटलंच. आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं.

"शाब्बास!"

हात कानांवर. भाची भिंतीकडे वळली. मी यंत्र इतकं घट्ट धरलं की ते आपोआप टिकटिकलं. संपलं, मला वाटलं, गणवेश गेला कपाटात.

भिंतीकडे तोंड करून ती थोडा वेळ उभी राहिली. मग वळली. हात कानांवरच, पण तोंड बाईंकडे. आणि भिंतीला सांगायची ते, तसंच पुटपुटत, बाईंना सांगितलं.

"काय म्हणतेय ती?" बाईंनी विचारलं.

ताईंनी काचेकडे बघितलं. "मावशी, तुम्ही वाचून दाखवा."

माझ्याकडे बोलायचं बटण आहे, कधी वापरलं नव्हतं. दाबलं. खरं सांगते, त्या क्षणालाही जीभ वळवळली, जरा नीट करून सांगावं, 'बाई, तिला असं म्हणायचंय की'. गिळलं.

"ती म्हणाली, शाब्बास नको. संपलं दे."

ताई सुचवेनात. मीही नाही. भाची बाईंकडे बघत होती. एवढा मोठा आवाज असलेली बाई दहा सेकंद गप्प बसू शकते हे मी आज पाहिलं. मग त्या टेबलाशी वाकल्या, अहवाल बाजूला ठेवला, तळवा पुढे केला आणि अगदी हळू म्हणाल्या, "संपलं."

भाचीने कानांवरचे हात काढले. तळव्यातलं उचललं, खिशात टाकलं. खुर्चीवर बसली. पत्त्यांचा गठ्ठा स्वतःकडे ओढला.

"आणखी एक," ती म्हणाली.

स्वतःहून! कुणी न मागता! मी अंधारात एकटीच टाळ्या पिटत होते, आणि बोट बटणावरच राहिल्यामुळे त्या सगळ्यांना ऐकू गेल्या. भाची काचेकडे बघून म्हणाली, "काचमावशी, संपलं." मी मुकाट थांबले.

मुख्याध्यापिकाबाई बाहेर आल्या तेव्हा चष्मा पुसत होत्या. "माझ्या शाळेतली निम्मी मुलं मनातल्या मनात हेच म्हणत असतील. हिला म्हणता तरी येतं." आणि आईला म्हणाल्या, "सोमवारपासून रोज दोन तास पाठवा. महिन्याने तास वाढवू. आणि मला सांगत जा, मी कुठे चुकते ते."

आईने तिथेच गणवेश स्वेटरवर धरून बघितला. बाह्या दोन बोटं आखूड. "कापड आणते आजच," ती म्हणाली. "आता बाह्यांना दुसरा रंग लावला तरी कोण काय म्हणतंय!"

"पोपटी," भाची म्हणाली. आईने थांबून ऐकलं आणि मान हलवली.

१ मार्च, शनिवार

आज सुट्टी. दुपारी चारला चहा टाकला होता. बाबा खिडकीशी. रिकामी कुंडी तिथेच.

"पा..." बाबा म्हणाले आणि दाराकडे हात केला.

"पाण" एवढं माझ्या तोंडातून गेलंही. बाटलीकडे हात गेला होता. आणि काय झालं कोण जाणे, बाबांनी डोळे मिटून घेतले, तसेच, जसे मी शाब्बास म्हटल्यावर मिटतात, आणि मला एकदम भिंतीकडे वळलेला पोपटी स्वेटर दिसला.

मी हात मागे घेतला. स्टुलावर बसले, बाबांच्या डोळ्यांच्या उंचीला. म्हटलं, "बाबा, मी थांबते."

घड्याळ टिकटिकत होतं, त्यांनीच दुरुस्त केलेलं. मी मोजले. दहा झाले. वीस झाले. चहा उतू गेला, जाऊ दे म्हटलं. बाबांच्या कपाळावर घाम आला. माझ्या तोंडात पाणी, पाट, पाय, पान, सगळा शब्दकोश गर्दी करून उभा होता. ओठ मिटून ठेवले.

एकतीस सेकंद.

"पा... य... री."

पाच महिने! पाच महिने हा माणूस दहा पावलांवरची पायरी मागत होता आणि मी त्याला पाणी पाजत होते. पेल्यावर पेले! आणि वर शाब्बास! मी रडले, मग कुंडीकडे लक्ष गेलं आणि रडता रडता हसू फुटलं. "बाबा, ते पाणी तुम्ही गुलाबाला...?"

बाबांनी मान डोलावली. या खेपेला नऊच सेकंद लागले. "बि... चारा."

काठी दिली. दहा पावलं आम्ही बापलेक कितीतरी वेळ चाललो. पायरीवर बसल्यावर बाबांनी तळहाताने दगड चाचपून बघितला, आपलाच आहे ना अशी खात्री केल्यासारखं. समोरून न्हावीकाका गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत सोडून धावत आले. फडकं खांद्यावर, डोळे भरलेले. त्यांनी बाबांच्या दंडाला धरलं आणि नेहमीप्रमाणे, म्हणजे आम्ही सगळेच बोलतो तसं, मला विचारलं, "चहा चालेल ना यांना? साखर किती घालू?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. बिनसाखरेचा, अर्धा कप.

मी म्हटलं, "काका, त्यांना विचारा. आणि थांबा."

काका बाबांकडे वळले. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं. आम्ही तिघं थांबलो.

"दो... न... चमचे," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी काही बोलायची हिंमतच केली नाही.